घाट आणि यंत्र : जग्वार सी-एक्स७५ या संकल्पगाडीचा विचार

घाट आणि आशय यांच्या परस्परसंबंधाची चर्चा मराठी समीक्षेत पुष्कळ झाली आहे. यंत्राच्या रूपाविषयी मात्र अशी चर्चा क्वचितच होते. यंत्राचे कार्य सांगितले की त्याच्या रूपाची उपपत्तीही सांगून झाली, अशी आपली सामान्य समजूत असते. ही समजूत कितपत टिकते, हे पाहण्यासाठी २०१० साली पॅरिसच्या मोटार-प्रदर्शनात मांडलेली जग्वार सी-एक्स७५ ही गाडी प्रस्तुत लेखात विचारार्थ घेतली आहे. संकल्पगाडी विकण्यासाठी केलेली नसते. पुढे काय शक्य आहे, हे दाखविण्यासाठी ती केलेली असते. 'जग्वार' या नावाला पंचाहत्तर वर्षे झाली, त्या निमित्ताने ही गाडी सिद्ध झाली. ही ब्रिटिश कंपनी २००८ मध्ये मुंबईच्या टाटा मोटर्सकडे आली होती.

प्रथम यंत्ररचना पाहू. चार चाकांना चार विद्युत्-मोटरी जोडलेल्या असून प्रत्येकीची शक्ती १४५ किलोवॅट, म्हणजे एकूण ५८० किलोवॅट, आहे. बॅटरी १९.६ किलोवॅट-तासांची. गाडीच्या मागील भागात दोन लहान वायु-टर्बाइने बसविलेली असून ती मिनिटाला ८०,००० फेरे घेतात व प्रत्येकी ७० किलोवॅट वीज निर्माण करतात. टर्बाइनाचा संबंध चाकाशी नाही, विजेशी आहे. या योजनेचे मर्म येथेच आहे. क्रायस्लरने १९६३ साली टर्बाइनाच्या गाड्या लोकांच्या हाती दिल्या, तेव्हा त्यांत टर्बाइन चाकांना जोडलेले होते. टर्बाइनास एका ठराविक वेगाने अखंड फिरणे मानवते. रस्त्यावरच्या गाडीस तर क्षणाक्षणाला वेग बदलावा लागतो. हा विरोध जग्वारच्या अभियंत्यांनी बॅटरी मध्ये घालून मिटविला. ही कल्पना केवळ चतुर नव्हे, तर शास्त्रदृष्ट्या सयुक्तिक होती, हे मान्य केले पाहिजे.

परंतु आकड्यांचा हिशेब येथेच थांबत नाही. ताशी ३३० किलोमीटर हा या गाडीचा उच्चतम वेग सांगण्यात आला. पूर्ण शक्ती सतत वापरली, तर नुसती बॅटरी सुमारे दोन मिनिटांत रिकामी होईल. टर्बाइनांचे १४० किलोवॅट जमेस धरले, तरी तीन मिनिटेही पुरी होत नाहीत. त्यानंतर एकूण शक्तीच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी शक्तीवर गाडीस भागवावे लागेल. तात्पर्य, हा पराक्रम क्षणाचा आहे, पल्ल्याचा नव्हे. रस्त्यावर एवढा क्षण पुरेसा होतो, हे खरे; तथापि शर्यतीच्या परंपरेचा वारसा सांगणाऱ्या गाडीच्या बाबतीत हा भेद दृष्टीआड करता येत नाही.

आता घाटाकडे वळू. इयन कॅलम यांच्या नेतृत्वाखाली सिद्ध झालेल्या या रूपाचे दोन प्रकारचे घटक दिसतात. टर्बाइने पूर्ण वेगात असता मिनिटाला ३५,००० लिटर हवा लागते, म्हणून पुढची जाळी व मागील चाकांपुढची द्वारे मोठी करण्यात आली. हा घटक यंत्रातून उद्भवला आहे. उलट, बसका आकार आणि मागील चाकांवरची भरदार वळणे यांची प्रेरणा १९६६ च्या एक्सजे१३ या गाडीत आहे. ती गाडी माल्कम सेयर यांनी रेखिली होती. ल मांसच्या शर्यतीसाठी ती बांधण्यात आली, परंतु शर्यतीत ती कधीच उतरली नाही. हा दुसरा घटक स्मृतीतून आला आहे. दोन्ही घटक इतके एकजीव झाले आहेत की, पाहणाऱ्यास सगळेच रूप यंत्राने घडविले असावे असे वाटते.

या एकजीवतेची कसोटी पुढील घटनांनी घेतली. २०११ साली विल्यम्स या शर्यतगाड्यांच्या संस्थेच्या साहाय्याने जास्तीत जास्त २५० गाड्या बांधण्याचे घोषित झाले. पण टर्बाइने वगळून त्यांच्या जागी १.६ लिटरचे पेट्रोल-एंजिन योजण्यात आले. आर्थिक परिस्थितीचे कारण देऊन डिसेंबर २०१२ मध्ये तो बेतही सोडून देण्यात आला. पुढे 'स्पेक्टर' या २०१५ च्या चित्रपटात रोममधील पाठलागासाठी हीच आकृती वापरली गेली, तेव्हा तिच्यात आठ सिलिंडरांचे एंजिन होते. त्या चित्रपटातील एक गाडी कॅलम यांच्याच नव्या संस्थेने २०२४ मध्ये रस्त्यावर चालविण्यास योग्य करून दिली.

दोन वेळा यंत्र बदलले. घाट मात्र ओळखू येईल इतका तोच राहिला. यावरून हा घाट खोटा होता, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. मध्यभागी बसविलेल्या कोणत्याही एंजिनास हवा लागतेच. तेव्हा ती द्वारे सर्वस्वी निरर्थक झाली नाहीत. परंतु रूप आणि यंत्र यांचे येथे अद्वैत आहे, हा दावा मात्र सोडावा लागतो. यंत्राने रूपास निमित्त दिले. त्यास टिकविले ते स्मृतीने.

एक्सजे१३ शर्यतीत उतरली नाही आणि सी-एक्स७५ विक्रीस आली नाही. तेवढ्यावरून दोघींना अपयशी ठरविण्याचे कारण नाही, कारण संकल्पगाडीचे मूल्य तिने विचारलेल्या प्रश्नात असते. लहान टर्बाइन हे गाडीतील विजेचे उगमस्थान होऊ शकेल काय, हा सी-एक्स७५ चा प्रश्न होता. तो रस्त्यावर तपासला जाण्यापूर्वीच मागे घेण्यात आला आणि मागे उरले ते मोहक रूप. त्या रूपाचे कौतुक करताना जे गमावले गेले त्याची नोंद ठेवणे, हे समीक्षेचे कर्तव्य होय.