खेळणे, खेळ आणि प्रेक्षक : 'मॅक्स स्टील'च्या निमित्ताने

प्रेक्षकांच्या प्रतिक्रियांना समीक्षेत कितपत स्थान द्यावे, या प्रश्नाला समीक्षक सहसा बगल देतात. प्रतिक्रिया हा क्षणिक उद्गार आणि समीक्षा हे विचारपूर्वक केलेले विधान, असा भेद एकदा केला की प्रश्न निकालात निघाल्यासारखा वाटतो. परंतु भाषेच्या अभ्यासकाला उद्गारही तितकाच आदरणीय असतो. कारण विधानात बोलणारा सावध असतो, उद्गारात तो सावध नसतो. प्रस्तुत लेखाला असाच एक उद्गार कारण झाला आहे.

बुलढाण्यात आमच्या पदव्युत्तर वर्गातील काही विद्यार्थ्यांसमवेत 'मॅक्स स्टील' हा 2016 साली प्रदर्शित झालेला अमेरिकन चित्रपट पाहण्याचा योग आला. स्ट्यूअर्ट हेंडलर हे त्याचे दिग्दर्शक. मॅटेल या कंपनीने 1999 मध्ये याच नावाची खेळण्यातली बाहुली बाजारात आणली. पुढे तिच्यावर चित्रमालिका निघाल्या आणि अखेरीस हा चित्रपट. नायक सोळा वर्षांचा मुलगा आहे. वडील जिथे वारले त्या गावी तो आईबरोबर परत येतो, त्याच्या हातांतून अनावर ऊर्जा स्रवू लागते आणि परग्रहावरून आलेला 'स्टील' नावाचा एक यंत्रजीव त्याला भेटतो. समीक्षकांनी या चित्रपटाची जवळजवळ एकमुखाने निर्भर्त्सना केली. चित्रपट संपल्यावर आमच्या खामगावकडील एका विद्यार्थ्याने जो अभिप्राय दिला तो असा : "थो पोट्टा सांगूनच राह्यला, सर. करत काहीच नाई."

या वाक्याकडे थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. 'सांगून राह्यला' हे वऱ्हाडीतील चालू क्रियेचे साधे रूप होय. प्रमाण मराठीतील 'सांगतो आहे' याच्या जागी ते येते. पुण्या-मुंबईच्या कानाला त्यात 'सांगत राहिला' असा हट्ट ऐकू येतो, पण तो अर्थ मूळ रूपात नाही. दोषारोप आहे तो 'च' या एका अव्ययात. पुढच्या वाक्यखंडात मात्र रूप बदलते : 'करून नाही राह्यला' असे न म्हणता बोलणारा 'करत काहीच नाई' असे म्हणतो. म्हणजे सांगणे ही समोर चाललेली क्रिया आहे, आणि न करणे हा स्वभाव. चित्रपटावरील मुद्रित टीकेत 'पटकथेतील निवेदनाचा अतिरेक' या मथळ्याखाली जे सांगितले जाते, ते येथे दोन क्रियारूपांच्या विरोधातून सांगितले गेले आहे, आणि अधिक नेमकेपणाने. या चित्रपटात शक्ती कशी उत्पन्न होते, ती कोणी शोधली, वडिलांचे काय झाले, हे सारे कोणी ना कोणी उभे राहून सांगत असतो. कृती येते ती उशिरा, आणि आली की लवकर संपते.

दुसरी एक प्रतिक्रिया अधिक सुशिक्षित होती आणि, माझ्या मते, चुकीची होती. "खेळणी खपवण्यासाठी काढलेली गोष्ट, तिच्यात काय असणार?" ही भूमिका पाश्चात्त्य परीक्षणांतूनही दिसते आणि आपल्या विद्यापीठीय वर्तुळात तर ती सहज मान्य होते. तिच्यातील गृहीतक असे की कथा आधी आणि वस्तू नंतर, हा कलेचा स्वाभाविक क्रम होय. तो उलटा झाला की कला भ्रष्ट होते. बुलढाणा जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाने तरी हे गृहीतक तपासून घ्यावे. लोणारचे सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे विवर आधी होते. लवणासुराची कथा नंतर आली. असुर भूमिगत विवरात लपलेला, विष्णू दैत्यसूदन नावाच्या सुंदर युवकाचे रूप घेतो, असुराच्या बहिणींना वश करून त्याचा ठावठिकाणा काढतो आणि पायाच्या अंगठ्याच्या स्पर्शाने विवराचे झाकण उडवून देतो. एका प्रचंड खड्ड्याचे स्पष्टीकरण म्हणून ही कथा रचली गेली, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तरीही तिने दैत्यसूदनाच्या मंदिरासारखे शिल्पवैभव लोणारला मिळवून दिले. कथेने सारे सांगून संपवले नाही, हे तिचे बळ. उडालेले झाकण म्हणजे दातफळजवळची टेकडी, असे म्हणून ऐकणाऱ्याला बोट दाखवायला काहीतरी शिल्लक ठेवले. भुलाबाईच्या मातीच्या मूर्तीभोवती वऱ्हाडातील मुली जी गाणी म्हणतात आणि शेवटी झाकलेला खाऊ ओळखायला लावतात, तिथेही वस्तू मध्यभागी असते आणि कथा तिच्याभोवती फिरते.

व्यापारी हेतू आणि लोककथेचा हेतू एक नव्हे, ही हरकत मला मान्य आहे. दुकानातले खेळणे आपली कथा खोक्यावर छापूनच घरी येते आणि मुलाच्या कल्पनेला त्यामुळे कमी काम उरते. पण हेतू हा कृतीच्या मूल्याचा पुरावा होऊ शकत नाही. त्याच मॅटेल कंपनीच्या बाहुलीवर ग्रेटा गर्विग यांनी काढलेला 'बार्बी' 2023 मध्ये आला. त्याच्या गुणदोषांविषयी मतभेद असतील, पण तो पोकळ आहे असे म्हणणारे थोडेच. उगम एक, फळे दोन. तेव्हा दोष उगमात शोधून भागणार नाही.

मराठीत 'खेळणे' हे क्रियापदाचे रूप आहे आणि वस्तूचे नावही. 'लाटणे', 'उलथणे' या शब्दांप्रमाणेच येथे एकच '-णे' क्रियेला आणि क्रियेच्या साधनाला लागतो. चित्रपटाच्या प्रयोगालाही आपण 'सहाचा खेळ', 'रात्रीचा खेळ' असेच म्हणत आलो. भरताच्या नाट्यशास्त्राच्या पहिल्या अध्यायात इंद्रादी देव ब्रह्मदेवाकडे जे मागतात त्याला 'क्रीडनीयक' असाच शब्द आहे. पाहता यावे आणि ऐकताही यावे असे खेळणे त्यांना हवे असते. शब्दसाम्यावरून सिद्धांत उभारणे धोक्याचे, हे मी वर्गात नेहमी सांगतो. तरीही एवढे म्हणता येईल की लाटण्याने लाटावे लागते, तसे खेळण्याने खेळावे लागते. आणि खेळण्यावरील चित्रपटाची खरी प्रतिक्रिया खेळ सुटल्यावर प्रेक्षक काय करतो, यात पाहावी लागते.

या कसोटीवर आपल्याकडील दोन उदाहरणे तपासून पाहावीत. महेश कोठारे यांच्या 'झपाटलेला' (1993) या चित्रपटाचा आराखडा 'चाइल्ड्स प्ले' (1988) या अमेरिकन चित्रपटावरून घेतलेला आहे. मूळात बाहुला दुकानात विकला जाणारा, जाहिरातीतला. मराठीत तो बोलका बाहुला झाला. रामदास पाध्ये यांनी तो घडवला, आणि दिलीप प्रभावळकरांनी त्याला आवाज दिला. पाध्ये घराण्याचा अर्धवटराव महाराष्ट्राने रंगमंचावर आणि दूरदर्शनवर आधीच पाहिलेला होता. त्यामुळे बाहुला बोलतो यात प्रेक्षकाला अद्भुत काही वाटले नाही. कोणी बोलवीत नसता तो बोलतो, यात भय होते. तात्या विंचूचा मृत्युंजय मंत्र आणि त्याचा खरखरीत स्वर पोरांच्या तोंडी बसला, तो या पूर्वओळखीमुळे. त्या पिढीतील कोणाही पदवीधराला आज विचारावे; तो कथानक सांगण्याआधी आवाज काढून दाखवतो.

दुसरे उदाहरण 1997 ते 2005 या काळात दूरदर्शनवर चाललेल्या 'शक्तिमान' मालिकेचे. तिच्यातील पडदा-युक्त्या आज पाहवत नाहीत. पण एक हात वर करून स्वतःभोवती गिरकी घेणे, एवढ्या एका कृतीसाठी कोणतेही खेळणे विकत घ्यावे लागत नव्हते. अंगण पुरेसे होते. या प्रतिक्रियेची काळी बाजूही नोंदवली पाहिजे : अनुकरणातून मुलांना अपघात झाल्याच्या बातम्या त्या वेळी वृत्तपत्रांत आल्या आणि मुकेश खन्ना यांना पडद्यावरूनच मुलांना समजावावे लागले. प्रतिक्रिया शरीरात उतरते असे जेव्हा आपण कौतुकाने म्हणतो, तेव्हा तिची ही किंमतही त्या वाक्यात धरलेली असावी. नीतीच्या दृष्टीने 'मॅक्स स्टील' अधिक निरुपद्रवी आहे यात संशय नाही. त्याचे अनुकरण करून कोणी पडणार नाही, कारण अनुकरण करण्यासारखे त्यात फारसे नाही.

आणि हे असे व्हायला नको होते. कारण या चित्रपटाच्या पोटात एक उत्तम कल्पना दडलेली आहे, आणि परीक्षणकर्त्यांच्या घाईत तिच्याकडे दुर्लक्ष झाले असे मला वाटते. मुलाच्या देहात ऊर्जा साठत जाते. ती वेळीच बाहेर काढून घेतली नाही तर त्याचा स्फोट होईल. स्टीलला ती ऊर्जा मिळाली नाही तर तो निर्जीव होऊन पडेल. मूल आणि खेळणे यांचे नाते याहून नेमके कसे सांगता येईल? उचलणारा हात नसला की खेळणे म्हणजे प्लास्टिकचा तुकडा. हाती खेळणे नसले की मुलाच्या अंगातली धग घरच्या माणसांना नकोशी. बाहुलीवरून निघालेल्या चित्रपटाला आपल्या जन्माचे रहस्यच कथावस्तू म्हणून मिळाले होते. पण पटकथेने ही गोष्टही घडू दिली नाही, सांगितली : स्टील मुलाला ती समजावून देतो, मूल शंका विचारते, स्टील पुन्हा समजावतो. दोघे एकमेकांना पहिल्यांदा जोडले जातात तो प्रसंग हाताच्या आणि यंत्राच्या एखाद्या अवघडलेल्या, चुकत जाणाऱ्या खेळातून दाखवता आला असता. नवे खेळणे हाती आले की कुठलेही मूल प्रथम ते उलटेपालटे करते, दाबते, आपटते. सूचनापत्रक वाचत नाही.

त्या विद्यार्थ्याला मी नंतर विचारले, की मुलाने काय करायला हवे होते. तो थोडा वेळ विचारात पडला आणि म्हणाला, "पयले त्या डब्ब्याले आपटून पाह्याचं होतं."