मनोऱ्याच्या चित्रात न दिसणारे रसायनशास्त्र

खनिज तेलाचा पाठ उघडला की एक आकृती हमखास भेटते. डावीकडे भट्टी, मधोमध उंच मनोरा आणि उजवीकडे ओळीने बाहेर पडणाऱ्या नळ्या. सर्वांत वर इंधन वायू, त्याखाली पेट्रोल, मग रॉकेल, डिझेल, वंगण तेल आणि तळाशी डांबर. आकृती सुबक असते, विद्यार्थ्यांना ती काढायला आवडते आणि परीक्षेत तिला गुणही मिळतात. आपणही ती वर्षानुवर्षे फळ्यावर काढत आलो आहोत. तिच्यात चुकीचे असे काही नाही. तक्रार आहे ती तिने न सांगितलेल्या गोष्टींबद्दल.

ही आकृती सफाईने काढणाऱ्या विद्यार्थ्याला एक साधा प्रश्न विचारून पाहा. भट्टीत तेल तापते तेव्हा नेमके काय तुटते? 'मोठे रेणू तुटून लहान रेणू होतात' असे उत्तर आले तर नवल मानू नका. हीच समजूत पुढे 'पाणी उकळले की त्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन होतात' इथपर्यंत जाते. भौतिक बदल आणि रासायनिक बदल यांतला फरक हा शालेय रसायनशास्त्राचा पाया. तोच इथे नकळत खचतो.

दोष सर्वस्वी विद्यार्थ्याचा नाही, आपल्या भाषेचाही आहे. 'कच्च्या तेलापासून पेट्रोल तयार करतात' असे आपण सहज म्हणतो. दुधापासून दही तयार होते, तसेच पेट्रोलही होत असेल असे मुलाने समजावे, यात गैर ते काय? वास्तविक मनोऱ्यात काहीच 'तयार' होत नाही. पेट्रोलमधले रेणू कच्च्या तेलात आधीपासूनच असतात, मनोरा त्यांना फक्त वेगळे करतो. चाळणीने गव्हातले खडे काढावेत तसे हे काम आहे. फरक एवढाच की इथली चाळणी उत्कलनबिंदूची आहे.

उत्कलनबिंदूंचे आकडे मात्र तक्त्यात नुसतेच दिलेले असतात, त्यांचे कारण दिलेले नसते. मिथेन उणे १६१ अंश सेल्सिअसला उकळतो, चार कार्बनचा ब्युटेन शून्याच्या जरा खाली आणि आठ कार्बनचा सरळ साखळीचा ऑक्टेन १२६ अंशांना. रेणू जितका लांब, तितका त्याचा शेजारच्या रेणूंशी स्पर्श अधिक आणि म्हणून त्यांच्यातले आकर्षणही अधिक. उकळताना तुटते ते हे रेणूरेणूंमधले आकर्षण, रेणूच्या आतले बंध नव्हेत. एक मोल ऑक्टेनची वाफ करायला साधारण ३५ ते ४० किलोज्यूल ऊर्जा पुरते. एक मोल कार्बन-कार्बन बंध तोडायला मात्र सुमारे ३५० किलोज्यूल लागतात. हे दोन आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले तरी पुष्कळ काम होईल.

नुसती कार्बनची संख्या सांगूनही भागत नाही. पाच कार्बनचा सरळ पेंटेन ३६ अंशांना उकळतो, तर तेवढेच अणू असलेला, पण फांद्या फुटून गोलसर झालेला त्याचा समघटक साडेनऊ अंशांनाच. गोलसर रेणूंचा परस्परांशी स्पर्श कमी, एवढेच त्याचे कारण. मनोऱ्याची प्रत्येक नळी म्हणजे एक पदार्थ नसून शेकडो पदार्थांचे मिश्रण असते, हे इथे उलगडून सांगता येते.

आता आकृतीतला सर्वांत मोठा अभाव. खरे रसायनशास्त्र जिथे सुरू होते, तिथेच ती संपते. मनोऱ्यातून वेगळे झालेले पेट्रोल गरजेला पुरे पडत नाही आणि इंजिनाला हवे तसेही नसते. सरळ साखळीच्या हेप्टेनचा ऑक्टेन अंक शून्य धरलेला आहे, तर फांद्या असलेल्या आयसो-ऑक्टेनचा १००. म्हणून जड रेणू तोडावे लागतात, काहींची रचना बदलावी लागते. विल्यम बर्टन यांना उष्णतेने रेणू तोडण्याच्या पद्धतीचे पेटंट १९१३ साली मिळाले. यूजीन हूड्री यांची उत्प्रेरक वापरणारी पद्धत १९३७ साली मोठ्या कारखान्यात सुरू झाली. मुंबईतल्या माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांतही ऊर्ध्वपातनाच्या मनोऱ्यांबरोबर उत्प्रेरकी भंजनाची यंत्रणा आहे. सोळा कार्बन आणि ३४ हायड्रोजनचा रेणू मधोमध तोडून एका तुकड्याला आठ कार्बन, १८ हायड्रोजन दिले, तर दुसऱ्याला उरतात आठ कार्बन आणि १६च हायड्रोजन. ही तूट भरून निघते ती दुहेरी बंधाने. भंजनात मिळणाऱ्या इथिलीनपासून पुढे प्लास्टिकची पिशवी होते. इथे मात्र 'तयार होणे' हा शब्द शोभतो.

भंजन आणि ऊर्ध्वपातन वेगळे आहेत याचा पुरावा कारखान्यातच आहे. पहिल्या मनोऱ्यात जाणारे तेल साधारण ३५० ते ३७० अंशांपर्यंतच तापवतात, कारण त्यापुढे रेणू तुटू लागतात. तळाशी उरलेला जड भाग मग कमी दाबाखाली, कमी तापमानाला उकळवतात. म्हणजे रेणू तुटू नयेत यासाठी तंत्रज्ञ एवढा खटाटोप करतात, आणि आपला विद्यार्थी मात्र ते तुटतात म्हणूनच पेट्रोल मिळते असे समजतो!

उपाय खर्चिक नाही. पारदर्शक प्लास्टिकचा लायटर वर्गात न्यावा. आत दाबाखाली द्रवरूप असलेला ब्युटेन दिसतो. शिक्षकांनी ठिणगी न पाडता झडप क्षणभर उघडावी: द्रवाचा वायू झाला, रेणू तोच राहिला. तो वायू विरून गेल्यावर लायटर पेटवून दाखवावा: आता बंध तुटले आणि नवे जुळले. मग आकृतीकडे वळून विचारावे, मनोऱ्यात या दोहोंपैकी काय घडते?

मनोऱ्याची आकृती वगळू नये. तिच्याखाली 'येथे एकही रेणू तुटत नाही' अशी एक ओळ लिहावी आणि शेजारी रेणू जिथे खरोखर तुटतात त्या भंजनाची दुसरी आकृती काढावी.