स्पटरिंग : सपाटीवर पास, खड्ड्यात परीक्षा

स्पटरिंग शिकवताना जिथे तिथे एकच चित्र काढलं जातं. निर्वात कक्ष, त्यात थोडा आरगॉन, वर धातूचं टार्गेट, खाली सिलिकॉनचा वेफर. टार्गेटला ऋण दाब दिला की प्लाझ्मा पेटतो, आरगॉनचे आयन टार्गेटवर आदळतात, धातूचे अणू उडतात आणि वेफरवर बसतात. चित्र चूक नाही. विल्यम ग्रोव्हने 1852 मध्येच हा परिणाम नोंदवला होता. आमचा आक्षेप एवढाच की त्या चित्रातला वेफर सपाट असतो. खऱ्या वेफरवर खोल, अरुंद भोकं असतात आणि धातू तळापर्यंत पोचवायचा असतो.

उडालेले अणू चहूकडे जातात. त्यातले बहुतेक विद्युतभाररहित, म्हणजे ओढून सरळ करता येत नाहीत. अरुंद बोळात तिरका पाऊस पडला तर काय होतं, आठवा. भिंतींचा वरचा भाग भिजतो, जमीन कोरडी. इथेही भोकाच्या तोंडाशीच धातू साचतो, तोंड मिटतं आणि आत पोकळी राहते. सपाट जागेवर जाडी मोजली तर सगळं उत्तम दिसतं!

मॅग्नेट्रॉनने वेग वाढवला, पण या दोषाला हात लावला नाही. (साध्या सपाट मॅग्नेट्रॉनमध्ये टार्गेटवर गोल चर पडते आणि जेमतेम पाव ते एक तृतीयांश धातू कामी येतो. चुंबक फिरते ठेवून हे बरंच सुधारलं.)

मग आला कॉलिमेटर, मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी. तिरके अणू जाळीवर अडतात, सरळ तेवढे खाली. आम्हाला हा उपाय कधीच पटला नाही. बराचसा धातू जाळीच खाते, भोकं बुजत जातात, वेग घटतो, आणि साचलेल्याचे कपचे सुटून वेफरवर पडले की चिप वाया.

खरी अक्कल पुढच्या पायरीत आहे. वाटेतल्या धातूच्या अणूंनाच आयन करायचं आणि वेफरला ऋण दाब द्यायचा. मग ते सरळ भोकात ओढले जातात. शिवाय तळावर आदळून तिथला थोडा धातू उडवतात, तो बाजूच्या भिंतींना लागतो. दोषातून काम काढून घेतलंय बघा.

1997 मध्ये आयबीएमने ॲल्युमिनियमऐवजी तांबं जाहीर केलं, तेव्हा याची गरज आणखी वाढली. तांबं विद्युतलेपनाने भरतात, पण आधी तांब्याचाच पातळ बीजथर लागतो. त्याखाली टँटलमचा अडसरथर, नाहीतर तांबं भोवतालच्या थरात शिरतं. भोक अरुंद होत गेलं तरी अडसर तेवढ्या प्रमाणात पातळ करता येत नाही. तांब्याला जागा कमी उरते, रोध वाढतो. म्हणून टँटलम नायट्राइड एएलडीने, म्हणजे वायूंची आळीपाळीने अभिक्रिया घडवून, चढवायचं आणि वर टँटलम व बीजथर स्पटरिंगने, अशी जोडणीही वापरात आहे. एएलडी भिंत आणि तळ सारखेच झाकते, पण फार हळू.