मोगलाईत वाढलेले मूल अजून लिहायचे आहे

जालना-भोकरदन रस्त्यावरचे राजूर आज ओळखले जाते ते राजुरेश्वर गणपतीमुळे. अंगारकीला मराठवाड्याबरोबर विदर्भ-खानदेशातूनही भाविक इथे येतात. १९४८ पर्यंत मात्र या गावाचा मुलूख वेगळा होता. जिल्हा औरंगाबाद, राज्य हैदराबादच्या निजामाचे, लोकांच्या बोलीत मोगलाई, आणि पूर्वेला बैलगाडीच्या एका रात्रीच्या टप्प्यावर १९४७ पर्यंत इंग्रजी अमलातला असलेला वऱ्हाड. अलीकडे कचेरीत उर्दू आणि बाजारात निजामाचा हाली शिक्का, पलीकडे इंग्रजी कलदार रुपया, मध्ये करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका. रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या पाठीराख्या सशस्त्र संघटनेच्या धास्तीने १९४७-४८ मध्ये मराठवाड्यातील हजारो माणसांनी अशा हद्दी ओलांडल्या आणि वऱ्हाड, खानदेश, नगर, सोलापूर या भागांत मिळेल त्या आसऱ्याने दिवस काढले. त्या गाड्यांत मुलेही होती. आपलीच भाषा बोलणाऱ्या मुलखात त्यांना 'मोगलाईतले' म्हणून राहावे लागले. दडपशाही आणि परागंदा जिणे एकाच वयात वाट्याला आलेल्या या मुलांचे मोठे होणे हा कादंबरीचा फार मोठा विषय आहे. तरी मराठीतील बालपणाचे आणि पौगंडाचे साहित्य वाचत गेले, की हे मूल ठळकपणे कुठेच भेटत नाही.

साधनांची वाण नाही. अनंत भालेराव यांचे 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' आहे, नरहर कुरुंदकरांचे 'हैदराबाद : विमोचन आणि विसर्जन' आहे, स्वामी रामानंद तीर्थ यांच्या आठवणी आहेत. निजामी राजवटीविरुद्धच्या या लढ्यात कोवळी मुले सुरुवातीपासून होती. १९३८ मध्ये वसतिगृहांत 'वंदे मातरम्' म्हणण्यावर बंदी आली, तेव्हा औरंगाबाद आणि हैदराबादच्या विद्यार्थ्यांनी ती मोडली. त्यांची नावे महाविद्यालयांतून कमी झाली, आणि त्यांतल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने जवळ केले. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांच्यातलेच. सतरा-अठरा वर्षांचा मुलगा घर, गाव आणि राज्य एकदम सोडून शिकायला परमुलखात जातो, ही घटना इतिहासाच्या पुस्तकात एका वाक्यात उरकते. तिथल्या पहिल्या रात्री त्याला काय वाटले, घरून पत्र आले नाही तेव्हा त्याने काय केले, हे विचारायचे काम ललित लेखकाचे होते.

ते झाले नाही याचे एक कारण आपल्या आठवणपर लेखनाच्या घडणीत आहे. मुक्तिसंग्रामाच्या आठवणी बहुतेक जिंकलेल्या प्रौढांनी लिहिल्या. त्यांच्या प्रत्येक पानाला १७ सप्टेंबर १९४८ ठाऊक आहे. निजाम शरण जाणार, हे गृहीत धरूनच पहिले वाक्य लिहिले जाते. मुलाला ते ठाऊक नव्हते. त्याच्या लेखी रझाकार ही कायमची व्यवस्था असू शकत होती. बाप परत येईलच, याची खात्री त्याला कुणी दिली नव्हती. दडपशाहीत वाढणाऱ्या मुलाची गोष्ट या न माहीत असण्यावर उभी राहते. ती अनिश्चितता काढून घेतली, की उरतो तो गौरवग्रंथ.

दुसरे कारण त्याहून जुने आहे. मराठीतील बालपणाचे सर्वांत प्रभावी पुस्तक, साने गुरुजींचे 'श्यामची आई', १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले गेले. तुरुंगात बसलेल्या लेखकाने आपले बालपण आठवले आणि त्यातून आईचे संस्कार निवडले. गुरुजींपुरता तो आत्मबळाचा शोध होता, आणि त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण त्या पुस्तकाच्या यशाने एक साचा पक्का झाला: बालपण म्हणजे निर्मळ ठेवा, राजकारण म्हणजे मोठ्यांचे प्रकरण. प्रकाश नारायण संतांनी 'वनवास'पासून पुढच्या पुस्तकांत लंपन या मुलाच्या नजरेला जी स्वतःची भाषा दिली, तिला मराठीत जोड नाही. लंपनच्या हसण्याखाली एकटेपणही आहे. त्यांच्या मागून आलेल्या बऱ्याच लेखनाने मात्र त्यातला फक्त गोडवा उचलला, आणि बालपणाचे लेखन स्मरणरंजनाकडे झुकले.

मिलिंद बोकिलांची 'शाळा' (२००४) हा साचा काही अंशी मोडते. नववीतल्या मुकुंद जोशीचे प्रेम, मित्रांची टोळी, शिक्षकांचा धाक, आणि या सगळ्याभोवती आणीबाणी. इथे राजकारण मुलापर्यंत मोठ्यांच्या बोलण्यातून, अर्धवट कळत पोहोचते. हे अर्धवटपण बोकिलांनी नेमके सांभाळले आहे. प्रश्न विचारणाऱ्या मुलाला गप्प करणारी शाळा आणि नागरिकांना गप्प करणारे सरकार यांचे साम्य ते बोलून दाखवत नाहीत, वाचकाला जाणवू देतात. सुजय डहाके यांच्या चित्रपटानेही हा संयम बऱ्यापैकी राखला. तरीही मुकुंदचे घर सुरक्षित आहे. त्याच्या दारावर रात्री कुणी लाथ मारत नाही.

ती लाथ बसते दलित आणि भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांत, आणि माझ्या मते या विषयावरचे मराठीतील सर्वांत सकस लेखन तेच आहे. लातूर परिसरातल्या लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'मध्ये (१९८७) मुलाला सरकारची पहिली ओळख होते ती घराची झडती घेणाऱ्या पोलिसांच्या रूपाने. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मापासून लावलेला शिक्का १९५२ मध्ये कागदावरून पुसला गेला, झोपडीवरून नाही. लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'मध्ये (१९८०) बिऱ्हाड गाढवावर आणि शाळा गावोगावी बदलती. दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये (१९७८) गाव आणि मुंबईचा कावाखाना यांत विभागलेले बालपण आहे. पोट भरायला शहरात आलेल्या माणसांची वस्ती मुलाला काय काय शिकवते, हे इतक्या उघडपणे त्याआधी कुणी सांगितले नव्हते. प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी' (१९७९) तर मराठवाड्याच्या मातीतलेच, आईबापांविना वाढलेल्या पोराचे. या पुस्तकांत बालपण राजकारणापासून वेगळे काढताच येत नाही. मूल भाकरीचा आणि सत्तेचा धडा एकाच दिवशी शिकते. मुक्तिसंग्रामावरच्या ललित लेखनाने धडा घ्यायचा तो इथून.

चित्रपटांकडे वळले, तर नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' (२०१३) हाच धडा पडद्यावर आणतो. डुकरामागे धावणारे कुटुंब राष्ट्रगीत कानावर येताच जागच्या जागी उभे राहते. राष्ट्र, शाळा आणि जात यांच्या कात्रीत सापडलेला शाळकरी जब्या त्या एका दृश्यात पूर्ण कळतो. रझाकारांच्या काळावरही मराठीत चित्रपट आला आहे, पण तिथे आपली दृष्टी अजून नायक-खलनायकाच्या मांडणीबाहेर पडलेली नाही. त्याच निजामी राज्याच्या तेलंगणातली गोष्ट गौतम घोष यांनी 'मा भूमी'मध्ये (१९७९) सांगितली. तिचा नायक रामय्या आपल्यासमोर लहानाचा मोठा होतो, आणि शेतकऱ्यांचा उठाव त्याच्या वाढीबरोबर वाढतो. इराणच्या मार्जान सत्रापी यांनी 'पर्सेपोलिस'मध्ये क्रांती, युद्ध आणि व्हिएन्नातले एकटे स्थलांतर चित्रकथेत मांडले. त्यातली मुलगी घोषणा चुकीच्या समजते, देवाशी भांडते, खोटेही बोलते. तिला थोर करायचा मोह लेखिकेने टाळला, म्हणून ती खरी वाटते.

आपल्याकडे अशी निदान तीन मुले वाट पाहत आहेत. पहिले, हद्द ओलांडून वऱ्हाडात गेलेले मूल. दुसरी, मुलगी. बदनापूर तालुक्यातल्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके यांनी याच भागात रझाकारांशी झुंज दिली. त्यांच्या शौर्याचे पोवाडे व्हावेत हे योग्यच, पण परकराच्या वयातली मुलगी त्या धामधुमीत काय पाहत होती, हे पोवाड्यात मावत नाही. तिसरे मूल मुसलमान आहे, आणि त्याच्याबद्दल बोलायला आपण सर्वांत जास्त कचरतो. पोलीस ॲक्शननंतर, म्हणजे निजामाला शरण आणणाऱ्या भारतीय सैन्याच्या कारवाईनंतर, मराठवाड्यात मुसलमानांवर सूड उगवला गेला. भारत सरकारने पाठवलेल्या सुंदरलाल समितीने सगळ्या संस्थानातील मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला, आणि उस्मानाबाद व नांदेड ही सर्वाधिक झळ पोहोचलेल्या जिल्ह्यांत गणली. ज्या आठवड्यात शेजारच्या वाड्यावर तिरंगा लागला, त्याच आठवड्यात ज्या मुलाचा बाप गेला, त्याचे मोठे होणे हीही मराठवाड्याचीच गोष्ट आहे. ती सांगितल्याने रझाकारांचे अत्याचार तसूभरही कमी होत नाहीत. मुक्ती या घटनेचा पुरा अर्थ त्या दोन अंगणांत मिळून आहे, आणि दोन्ही अंगणे एकत्र पाहू शकते ते कादंबरीच.

हा प्रश्न जुन्या काळाशी संपत नाही. जालना जिल्ह्यातून आजही दिवाळीच्या सुमारास कुटुंबे मुकादमाकडून आगाऊ उचल घेऊन ऊसतोडीला निघतात. मुकादमाच्या हिशोबात नवरा-बायकोचा एक कोयता धरला जातो, मूल कुठल्याच हिशोबात नसते. ते फडातल्या खोपीत वाढते आणि शाळा अर्ध्यावर सुटते. उलट जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यांत उत्तरेकडून आलेल्या मजुरांची मुले मराठी शिकत मोठी होत आहेत. पंचवीस वर्षांनी त्यांच्यातलेच कुणी मराठीत लिहील, अशी आशा बाळगायला जागा आहे. आसाराम लोमटे यांच्यासारख्या मराठवाड्यातल्या कथाकारांनी गावच्या सत्तेचे आजचे ताणेबाणे सूक्ष्मपणे दाखवले आहेत. त्या कसबाला आता मुलाची उंची हवी.

१९४८ मध्ये दहा वर्षांचे असलेले लोक आज नव्वदीला टेकले आहेत. राजूर, भोकरदन, बदनापूरच्या वाड्या-वस्त्यांवर त्यांतले काही अजून बोलते आहेत, आणि हे बोल फार वर्षे उपलब्ध राहणार नाहीत. मुक्तिसंग्रामाच्या अमृतमहोत्सवी सरकारी स्मरणिकांनी त्यांना लढ्याबद्दल विचारले. लेखकांनी त्यांना खेळांबद्दल, भुकेबद्दल, हद्दीपलीकडच्या शाळेतल्या पहिल्या दिवसाबद्दल आणि परत आल्यावर शेजारी न दिसलेल्या मित्राबद्दल विचारावे. ज्या प्रदेशाने आपले बालपण फक्त विजयाच्या भाषणांतून ऐकले, त्याला आपल्या भीतीची भाषा कधी सापडत नाही. ती भाषा नसेल, तर पुढची दडपशाही ओळखायलाही उशीर होतो.