स्थलांतरित वाचक : एका संज्ञेची तपासणी

ग्रंथालयशास्त्रावरील लेखनात ‘स्थलांतरित वाचक’ ही संज्ञा आता चांगलीच रुळली आहे. तिच्यामागील चित्र मात्र बहुतांशी न्यूयॉर्कचे आहे. त्या शहराच्या लोअर ईस्ट साइड भागात १९०९ साली उघडलेल्या सीवर्ड पार्क शाखेत पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांची रीघ लागे व यिडिश पुस्तके त्यांच्या हाती पडत. या चित्रात तीन गोष्टी गृहीत आहेत : वाचक राहण्यासाठी आला आहे, येताना तो लिखित भाषा घेऊन आला आहे, आणि ग्रंथालय त्याच्या मुक्कामी आहे. नंदुरबार जिल्ह्यात ही तिन्ही गृहीते ढासळतात. तरीही संज्ञा तशीच उचलली जाते, हा प्रस्तुत लेखकाचा आक्षेप आहे.

या चित्रात बसणारे स्थलांतर येथेही झाले, ते गुजराती व्यापारी कुटुंबांचे. त्यांच्यासोबत लिपी, हिशेबाच्या वह्या व वाचनाची सवय आली. ९ सप्टेंबर १९४२ रोजी गोळीबारात बळी पडलेल्या शिरीषकुमार मेहता या शाळकरी मुलाची मातृभाषा गुजराती होती. त्यास परका मानण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. परंतु २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याच्या १६,४८,२९५ लोकसंख्येपैकी सुमारे ६९ टक्के अनुसूचित जमातींचे आहेत, आणि त्यांतील पुष्कळांची वाट उलट दिशेची आहे. मुकादमाची उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास ही कुटुंबे सुरत-बारडोलीकडील ऊसतोडीस जातात. तेथे त्यांची मोजणी माणसांनी नव्हे, ‘कोयत्यां’नी होते. हंगाम सरला की परत. म्हणजे हा वाचक, वाचक असलाच तर, वर्षातील निम्मा काळ गावच्या ग्रंथालयाचा नाही आणि उरलेला निम्मा परगावच्याही नाही.

महाराष्ट्राचा १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा अनुदानावर उभा आहे. संस्थेने ग्रंथालय चालवावे, सभासद मिळवावेत, शासनाने ग्रंथालयाची प्रत पाहून अनुदान द्यावे, ही त्याची रीत. अनामत आणि वर्गणी भरणारा स्थायिक सभासद हाच तिचा आधार. याउलट सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली बॉर्डन या अमेरिकन तज्ज्ञास पाचारण करून बडोदे संस्थानात योजना आखली, तीत फिरत्या पेट्या होत्या. पुस्तकानेच प्रवास करावा, ही कल्पना मला आजही अधिक शास्त्रीय वाटते. सोनगड आणि व्यारा हे नवापूरलगतचे मुलूख त्याच संस्थानातील. पण पेटी दारात आली म्हणून प्रश्न सुटत नाही. तीत पुस्तके कोणत्या भाषेची?

येथे भाषाशास्त्राचा प्रश्न ग्रंथालयशास्त्राच्या आधी येतो. ग्रिअर्सन यांनी १९०७ साली भिली व खानदेशी यांना आपल्या सर्वेक्षणाच्या एकाच भागात स्थान दिले, आणि भिलीचा ओढा गुजरातीकडे मानला. जनगणना मावची, पावरी यांना ‘भिली/भिलोडी’ या शीर्षाखाली घालते. ग्रंथालयातील फडताळांवर मात्र मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी एवढ्याच पाट्या. शहादा परिसरातील वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’ हा संग्रह ‘मराठी कविता’ या पाटीखाली जाणार, हे ठरलेले. तसे झाल्यास तो सापडतो खरा, पण ज्या वाचकास त्याची बोली ओळखीची वाटावी, तो त्या फडताळापाशी सहसा उभाच राहत नाही. यिडिशभाषकापुढे यिडिश वृत्तपत्र ठेवता आले. पावरीभाषकापुढे काय ठेवणार?

त्याच्या मुलाची अडचण आणखी सूक्ष्म आहे. तो अक्राणीत देवनागरी शिकू लागतो आणि फडावर असताना जवळची शाळा मिळालीच तर गुजराती लिपीशी गाठ पडते. शिरोरेषा नाहीशी होते. क, ज, ब ही अक्षरे निराळे वळण घेतात. शब्द पुष्कळदा ओळखीचे, अक्षर अनोळखी. त्यास निरक्षर म्हणणे अन्यायाचे, साक्षर म्हणणे अतिशयोक्तीचे. अशा मुलास एकाच मजकुराची दोन लिप्यांतील पुस्तिका उपयोगी पडेल, आणि ती छापणे खर्चिक नाही.

सरदार सरोवरामुळे बाधित झालेल्या अक्कलकुवा-अक्राणीतील ३३ गावांचे प्रकरण वेगळे. तेथील पुनर्वसित कुटुंबे नव्या जागी स्थायिक आहेत, त्यांना रूढ संज्ञा थोडीफार लागू पडते. म्हणूनच अभ्यासकाने त्यांस आणि ऊसतोड्यांस एका कोष्टकात बसवू नये. ऊसतोड्यांचे वाचन मोजावयाचे, तर सभासद-नोंदवहीत कायम पत्त्याच्या रकान्याशेजारी हंगामी पत्त्याचा व बोलीचा असे दोन रकाने आखून घ्यावेत, आणि नोंद दिवाळीपूर्वी एकदा व होळीनंतर एकदा करावी.