‘हातच तर लावला ना!’

नागपूरचं नाव देशभर झालं त्या एका निकालाबद्दल आज बोलू. १९ जानेवारी २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं म्हटलं, की बारा वर्षांच्या मुलीला कपड्यांवरून केलेला स्पर्श पोक्सो कायद्याखालचा ‘लैंगिक हल्ला’ ठरत नाही. त्यासाठी त्वचेला त्वचेचा स्पर्श हवा. पोक्सोची तीन वर्षांची शिक्षा गेली. उरला ‘विनयभंग’ आणि एक वर्ष.

आपण सगळे चिडलो. विनोदही झाले. पण या निकालाचा तर्क आपल्याला खरंच परका होता का? वस्तीत असं काही घडलं की आपण काय विचारतो? कुठं हात लावला? कपडे होते ना? मग पुढचं वाक्य येतं: “हातच तर लावला ना, जाऊ द्या. पोरीचं लग्न व्हायचंय अजून.” निकालाची भाषा कायद्याची होती, आपली बोलीतली आहे. मोजमाप दोघांचं एकच: मुलीच्या शरीराचं किती ‘नुकसान’ झालं?

‘विनयभंग’ हा शब्दच पाहा. भंगतं ते मुलीचं काहीतरी. करणारा त्या शब्दात कुठंच नाही. आणि मुलगा असेल तर? त्याच्यासाठी हा शब्दही नाही. म्हणून तो बोलतच नाही. केंद्र सरकारच्या २००७च्या अभ्यासात दिसलं, की जवळपास निम्म्या प्रकरणांत अत्याचार करणारा ओळखीचा किंवा विश्वासातला होता, आणि बहुतेक मुलांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगून वाट्याला काय येतं, हे मुलांना आपल्याकडं पाहूनच कळतं.

१८ नोव्हेंबर २०२१ला सर्वोच्च न्यायालयानं हा निकाल रद्द केला. महत्त्वाचा आहे तो करणाऱ्याचा लैंगिक हेतू, त्वचेचा स्पर्श नव्हे, असं स्पष्ट केलं. म्हणजे नजर मुलीवरून काढून त्याच्यावर नेली.

मोहल्ल्यातली नजर कोण हलवणार? मुलाचं नाव झाकायला कायदाच सांगतो. गुन्हा झाकायला सांगत नाही. उलट, माहीत असून न कळवणं हाच गुन्हा आहे. आपण मात्र गुन्हा झाकतो आणि नाव कुजबुजत फिरवतो.

या प्रकरणातली आई लगेच पोलिसांत गेली होती. तिच्या शेजारी आपण असतो, तर तिला काय विचारलं असतं?