दहापट बॅटरीचा हिशेब

लिथियम-आयन बॅटरीतील नॅनोरचनांची चर्चा निघाली, की २००८ सालच्या 'नेचर नॅनोटेक्नॉलॉजी'तील एका शोधनिबंधाचा उल्लेख हमखास होतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातील कँडेस चॅन, यी कुई आणि सहकाऱ्यांनी सिलिकॉनच्या नॅनोतारांचा ऋण इलेक्ट्रोड तयार केला. 'दहापट क्षमतेची बॅटरी' अशा बातम्या तेव्हा आल्या. माझ्यापाशी प्रयोगशाळा नाही; निबंधातले आकडे मांडून पाहणे एवढेच मी करू शकतो. तेवढ्यानेही बरेच कळते.

मूळ कल्पना नि:संशय मोलाची आहे. ग्रॅफाइट ग्रॅममागे ३७२ मिलीॲम्पिअर-तास विद्युतभार साठवते, तर सिलिकॉनची सैद्धांतिक मर्यादा ४२००च्या आसपास आहे. मात्र लिथियम शिरले की सिलिकॉन फुगून जवळजवळ चौपट होते आणि तडकून त्याचा भुगा होतो. या संशोधकांनी पोलादी पत्र्यावर सुट्या तारा उगवल्या. त्यांची सरासरी जाडी ८९ वरून १४१ नॅनोमीटरवर गेली, तरी त्या तुटल्या नाहीत. फुगायला भोवती जागा होती.

आता जमाखर्च पाहू. पहिल्या फेरीत सिलिकॉनने ग्रॅममागे ४२७७ घेतले आणि ३१२४ परत दिले. तूट ११५३ची, म्हणजे ग्रॅफाइटच्या सगळ्या क्षमतेच्या तिप्पट! तिचे कारण उमगलेले नाही, असे लेखकांनीच मोकळेपणाने लिहिले आहे. चाचणीत समोर लिथियम धातू होता, त्यामुळे ही तूट खपून गेली. विक्रीच्या बॅटरीत लिथियम धन इलेक्ट्रोडमधून मोजकेच येते. तिथे पाव हिश्श्याहून अधिक लिथियम पहिल्याच फेरीत अडकले, तर ते कायमचे गेले.

शिवाय हा 'ग्रॅम' फक्त सिलिकॉनचा आहे. पोलादी पत्रा आणि तारांमधल्या पोकळीत भरणारा इलेक्ट्रोलाइट त्यात धरलेला नाही. तारांना वाचवणारी पोकळीच बॅटरीत जागा अडवते. आणि ऋण इलेक्ट्रोडचे वजन अगदी शून्य मानले, तरी धन इलेक्ट्रोड आहे तेवढाच राहतो. मग बॅटरी दहापट कशी होणार? युरी गोगोत्सी आणि पॅट्रिस सिमॉन यांनी २०११ साली 'सायन्स'मध्ये हाच इशारा दिला होता: नुसत्या सक्रिय पदार्थाच्या वजनावर काढलेले आकडे दिशाभूल करतात.

याचा अर्थ नॅनो म्हणजे नुसता गाजावाजा, असा नव्हे. १९९७ साली गुडइनफ यांच्या गटाने पुढे आणलेले लिथियम आयर्न फॉस्फेट विजेचे फारच मंद वाहक होते. बारीक कण आणि त्यांवर कार्बनचा लेप या उपायांनी ते वापरण्याजोगे झाले, आणि आज मोटारींत धावते आहे. बारीक भुकटी घट्ट बसत नाही, ही किंमत तिथेही मोजावी लागली. पण ती पूर्ण बॅटरीत मोजली गेली.

स्टॅनफर्डच्या निबंधाने सिलिकॉन का तुटते आणि कसे टिकते, ते दाखवले. त्याचे श्रेय तेवढे आणि तेवढेच. 'दहापट' हा शब्द त्या श्रेयाला चिकटवला, की वाचकाची फसगत होते आणि निबंधाचीही.